हिरवा बाण, लाल बाण

कोबाल्टची पूड स्वस्त झाल्याची आनंदवार्ता वाघोलीकरांपर्यंत तत्परतेने पोहोचवल्याबद्दल समस्त वृत्तवाहिन्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सुट्टीमुळे अख्खी सोसायटी टीव्हीपुढे. अर्थसंकल्पाचं भाषण संपतंय न संपतंय तोच पडद्यावर ती पाटी झळकली : ‘काय स्वस्त, काय महाग’. हिरव्या बाणाखाली कोबाल्टची पूड आणि लिथियम-आयन बॅटरीचं भंगार. लाल बाणाखाली इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेल डिस्प्ले. चला, महिन्याच्या वाणसामानाची यादी एकदाची मार्गी लागली!

मग दांडकं घेऊन प्रतिनिधी केसनंद फाट्यावर. ‘‘मावशी, गृहिणी म्हणून अर्थमंत्र्यांना दहापैकी किती गुण द्याल?’’ मावशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘जुडी वीसला. घ्यायची तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय.’’ प्रतिनिधी कॅमेऱ्याकडे वळला : ‘‘तर पाहिलंत, महिलावर्गात समाधानाचं वातावरण!’’ स्टुडिओतल्या तज्ज्ञांनी लगेच मान डोलावली. आधी अर्थमंत्री द्रष्टे ठरले, शेअर बाजार हलला तसे निर्दयी, आणि जाहिरातींनंतर पुन्हा द्रष्टे. इतक्या वेळात आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्याही पुऱ्या होत नाहीत.

एके काळी या पाटीला अर्थ होता, हे मान्य. अर्थसंकल्पात उत्पादन शुल्क हलायचं आणि साबणापासून फ्रिजपर्यंत भाव बदलायचे. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता साबणावरचा कर ठरतो वेगळ्याच बैठकीत, वर्षातून कधीही. पेट्रोलवरचा कर वाढवायला एखादी रात्र पुरते. अर्थसंकल्पाच्या हाती उरलं ते मुख्यतः सीमाशुल्क, म्हणजे बंदरावर उतरणारा माल. म्हणून कोबाल्ट! हे त्या संपादकांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? चांगलं ठाऊक आहे. तरी दरवर्षी तेच बाण, कारण ते आयते तयार असतात, वर्ष तेवढं बदलायचं. आता आमची खरी महागाई बघा : वाघोली २०२१ मध्ये पुणे शहराच्या हद्दीत आली, तरी आमच्या टाकीत पाणी पडतं ते टँकरचंच. त्या टँकरचा भाव आजवर कुठल्या बाणाखाली आला नाही. एप्रिल-मेमध्ये तो कुठे जातो ते दाखवायचं तर लाल बाण पडद्यात मावणार नाही. आणि ज्यांना बाणांचा एवढा सोस आहे, त्यांनी त्याच दिवसाच्या कागदांतलं एक साधं चित्र का नाही दाखवलं? सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयात २४ पैसे उसने आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. हे गृहिणीला समजत नाही असं वाटतं की काय तुम्हाला? अहो, घरचे हप्ते तीच भरते! ती तुम्हाला उभ्या उभ्या चार प्रश्न विचारेल, म्हणूनच तर तुम्ही तिला कोबाल्ट विचारता.

अर्थमंत्र्यांना गुण द्यायला आमची ना नाही. मागच्या वर्षी गाजावाजा करून जाहीर केलेल्या रकमांपैकी खर्ची किती पडल्या, याचे सुधारित आकडे त्याच कागदांत छापलेले असतात. ते वाचा, मग खुशाल दहापैकी दोन द्या नाहीतर नऊ द्या. पण त्यासाठी वाचावं लागतं. आणि वाचत बसलं तर जाहिराती कधी दाखवायच्या?