धुतलेले तिकीट

टपाल तिकीट म्हणजे एका प्रवासाचे आगाऊ भरलेले भाडे. पत्र पेटीत पडले, तिकिटावर तारखेचा शिक्का बसला, की भाडे फिटले आणि तिकिटाचे सरकारी आयुष्य संपले. त्यानंतरचे आयुष्य खासगी. ते मुलांच्या वहीत जाते, संग्राहकाच्या अल्बममध्ये जाते, आणि काही काटकसरी घरांत कोमट पाण्याच्या वाटीत जाते.

ही वाटी जवळजवळ तिकिटाइतकीच जुनी आहे. जगातले पहिले टपाल तिकीट, इंग्लंडचे ‘पेनी ब्लॅक’, मे १८४० मध्ये वापरात आले. काळ्या तिकिटावर काळा शिक्का उठून दिसणार नाही, म्हणून शिक्क्याची शाई लाल ठेवली. ती पुसता येते, हे जनतेच्या लगेच ध्यानात आले. वर्षभरात सरकारने माघार घेतली आणि १८४१ मध्ये तिकीट लाल व शिक्का काळा अशी अदलाबदल केली. साम्राज्यावरचा सूर्य मावळत नसेल; तिकिटावरची शाई मात्र उतरत होती.

इकडे निजामाकडून वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला आणि ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानभर एकाच प्रकारची तिकिटे सुरू झाली. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो. वऱ्हाडातल्या आजच्या यवतमाळ जिल्ह्याला पुढे वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. दक्षिणेला पैनगंगा, आणि नदीपलीकडे निजामाचे राज्य. निजामाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली आणि ती त्याच्या राज्यापुरतीच चालत. म्हणजे उमरखेडकडच्या काठावर निजामाचे करकरीत कोरे तिकीटही कुचकामी. दिसायला धडधाकट पण चालायला नालायक अशा तिकिटाची ओळख या जिल्ह्याला तेव्हापासूनची आहे.

जुने तिकीट पुन्हा वापरणे, या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि काटकसरी माणूस त्यांची मुद्दाम सरमिसळ करतो. पहिली गोष्ट निर्दोष : तिकीट जुने आहे, पण कोरे आहे. वडिलांच्या कपाटात पन्नास पैशांच्या तिकिटांचा ताव सापडला, तर त्यातली दहा तिकिटे पाच रुपयांच्या पाकिटावर खुशाल लावावीत. यवतमाळच्या आठवडी बाजारात पन्नास पैशांचे नाणे पुढे केले तर भाजीवाली हसेल. ते नाणे अजून कायदेशीर चलन आहे, हे सांगितल्यास आणखी हसेल. पोस्ट हसत नाही. फक्त दहा तिकिटे चिकटवल्यावर पत्ता लिहायला करंगळीएवढी जागा उरते आणि शिक्का मारणाऱ्याला एका पाकिटासाठी अनेकदा हात उचलावा लागतो. यात गुन्हा कोणताच नाही, थोडा छळ आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्का धुणे. हिच्या रीती घराघरांत वेगळ्या. कुणी तिकिटावर आधीच डिंकाचा पातळ थर देतो, कुणी मेणबत्ती घासतो, कुणी साबण. शाई थरावर बसते आणि थर पाण्यात सुटतो. या उद्योगाला पलीकडे एक विश्वासू माणूस लागतो. तिकीट पुसदहून नागपूरला जाते, तिथे आंघोळ करते आणि उत्तराच्या पाकिटावर बसून पुसदला परत येते. पत्रातला मजकूर बहुधा एवढाच असतो : तिकीट मिळाले, परत पाठवत आहे, जपून काढावे.

कायद्याने याचा विचार फार बारकाईने केला आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने टपाल तिकिटाला महसुली मुद्रांकाचा दर्जा दिला, त्यामुळे पाकिटावरचा तो इवलासा कागद थेट भारतीय दंड संहितेच्या कक्षेत आला. वापरलेले तिकीट जाणूनबुजून पुन्हा वापरल्यास कलम २६२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. तिकिटावरची वापराची खूण पुसल्यास कलम २६३ खाली तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे १८४ आणि १८५ या आकड्यांनी नांदत आहेत. धुण्याला तीन आणि चिकटवण्याला दोन, हा हिशेब काटकसरी माणसाने नीट वाचण्यासारखा आहे. सगळी मेहनत वाटीपाशी होते आणि शिक्षाही तिथेच जास्त आहे. शिवाय खूण पुसलेले तिकीट जाणूनबुजून जवळ बाळगणेही त्याच कलमात येते, तेव्हा धुऊन पंचांगात वाळत ठेवलेले तिकीट म्हणजे पंचांगातला मुद्देमालच.

तुरुंगाची वेळ सहसा येत नाही. पोस्टाला संशय आला तर तिकीट नसल्यासारखे धरतात, पत्र बेअरिंग होते आणि दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतात. पाच रुपये वाचवले पुसदच्या मामाने, दहा भरले नागपूरच्या भाच्याने. नातेसंबंधांवर होणारा हा परिणाम दंड संहितेत नमूद नाही.

तिसरी गोष्ट खरी अडचणीची. तिकीट पत्रावरून आले, पण शिक्का पडलाच नाही. राखीच्या दिवसांत थैल्या फुगतात, हात घाईत असतो आणि एखादे पाकीट सुटते. पोहोचवणाऱ्या पोस्टाने अशा तिकिटावर पेनाने रेघ मारावी, अशी अपेक्षा असते. तीही कधी सुटते. मग बहिणीची राखी बाजूला राहते आणि भाऊ तिकीट उजेडात धरून म्हणतो, “ठसाच नाही पडला, त मंग वाया काहून जाऊ द्याचा?” त्याने धुतले काही नाही, पुसले काही नाही. पण कायदा शाई दिसते का हे विचारत नाही. तिकीट आधी वापरलेले आहे हे तुम्हाला माहीत होते का, हे विचारतो. कंडक्टरचा चिमटा चुकला म्हणून यवतमाळ–वणी एसटीच्या त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी पुन्हा वणी गाठता येत नाही. भावाला हे पटते. तिकीट तरीही तो पाकिटात जपून ठेवतो.

रसीदी तिकिटाची गोष्ट याहून कडक. मुद्रांक कायदा १८९९ चा. त्याचे कलम १२ सांगते की चिकटवलेले तिकीट पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द केले पाहिजे, नाहीतर दस्त विनामुद्रांक समजला जाईल. म्हणून पावतीवर सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. पाच हजारांवरच्या पावतीला लागणाऱ्या एका रुपयाच्या तिकिटावरची सही खोडून ते वाचवणारा माणूस निघू शकतो, हे संसदेने नव्हे तर त्याआधीच्या इंग्रजांनी गृहीत धरले होते.

काटकसरीचा बचाव करणारे हटकून गांधीजींचा दाखला देतात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत आणि जुनी पाकिटेही वापरत. दाखला खरा आहे, पण तो पाकिटाचा आहे. पाकीट ज्याच्या हाती आले त्याचे झाले; तिकिटात भरलेले टपालखर्चाचे पैसे मात्र वाटेतच खर्च झाले. सरकारी कचेऱ्यांनीही जुन्या पाकिटांवर चिठ्ठ्या डकवून ती वर्षानुवर्षे फिरवली, आणि प्रत्येक फेरीला तिकीट नवे लावले.

आता या उद्योगाचा कच्चा मालच आटत चालला आहे. खिडकीवर बारकोडची चिकटपट्टी लागते, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आणि लग्नपत्रिका मोबाइलवर येते. वाटी अजून वापरतो तो संग्राहक. तोही तिकीट कोमट पाण्यात भिजवतो, अलगद सोडवतो, टीपकागदात दाबून वाळवतो. सरकारचे नुकसान करण्याचा त्याचा हेतू नसतो म्हणून तो मोकळा. आणि वणीचा जुना शिक्का स्वच्छ उमटलेले सबंध पाकीट मिळाले, तर ते तो पाण्याजवळसुद्धा नेत नाही.