ट्रिपल सेव्हनची दीक्षा

वर्डप्रेस पाच मिनिटांत बसतं अशी ख्याती आहे, आणि ती वर्डप्रेसवाल्यांनी स्वतःच पसरवलेली आहे. खोटी मुळीच नाही. पाच मिनिटांत ते खरंच बसतं. मग पहिला फोटो चढवायला घेतला की फोल्डरच्या परवानग्यांचा विषय निघतो आणि रात्रीचं जेवण टळतं. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या रात्रीसाठी आहे. ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा लौकिक नात्यागोत्यात झाल्यामुळे ज्यांच्या गळ्यात गणेश मंडळाची वेबसाइट पडली आहे, असे होतकरू नवशिके डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. लिनक्सवर केस पिकलेल्यांनी ती वाचू नये. त्यांना राग येईल, आणि तो बहुतेक रास्त असेल.

साहित्य : भाड्याने घेतलेला एक उबुंटूचा सर्व्हर, त्यावर अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल. वर्डप्रेसची झिप फाइल. टर्मिनल नावाची एक काळी खिडकी. आणि ‘फोटो आजच्या आज दिसले पाहिजेत’ असं दर अर्ध्या तासाने फोन करून सांगणारे एक खजिनदार. हा शेवटचा घटक उपलब्ध नसेल तर बाकीचं सगळं सावकाश, नीट वाचून करता येतं. मग या मार्गदर्शिकेची गरजच उरत नाही.

पायरी पहिली. सर्व्हरवर रूट म्हणूनच शिरावं. स्वतःचं वेगळं खातं काढायचं आणि दर वेळी ‘सुडो’ टंकत बसायचं, एवढा वेळ कुणाला आहे? शिवाय रूटला लिनक्स सहसा ‘नाही’ म्हणत नाही, त्यामुळे नवशिक्याचा आत्मविश्वास झपाट्याने वाढतो. व्हार, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल, अशा फोल्डरात झिप ठेवून तिथेच उलगडावी. आता यच्चयावत फायलींवर मालक म्हणून रूटचं नाव लागलं. तिकडे लक्ष देऊ नये. लक्ष दिलं तर पुढच्या पायऱ्या लागणारच नाहीत.

पायरी दुसरी. ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाकून डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड भरावा. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल मला लिहिता येत नाही’ असं वर्डप्रेस कळवतं, आणि तिचा मजकूर एका चौकटीत देऊन ‘तुम्हीच चिकटवा’ म्हणतं. हा पहिला इशारा होता. आपण तो मजकूर उचलून, अर्थातच रूट म्हणून, फाइल तयार करावी. साइट दिसू लागते. लगेच मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकावी, म्हणजे माघार घ्यायची सोय राहत नाही.

पायरी तिसरी. खजिनदारांना श्रींचा फोटो चढवू द्यावा. वर्डप्रेस चढवलेल्या फायली अपलोड्स फोल्डरात वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरांत ठेवतं. ते उपफोल्डर त्याला करता आले नाहीत की लाल पट्टी येते : अमुक फोल्डर तयार करता आला नाही, त्याच्या वरच्या फोल्डरात सर्व्हरला लिहिता येतं का? हा संदेश नीट वाचणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही. त्यात सरळ विचारलंय की सर्व्हरला लिहिता येतं का. तुम्हाला लिहिता येतं का, असं त्यात कुठेही नाही. पण खजिनदारांचा फोन वाजत असताना एवढी बारकाई जमत नाही.

पायरी चौथी बॅकअपची होती. परंपरेनुसार ती गाळली आहे.

पायरी पाचवी, म्हणजे मुख्य संस्कार. सीएचमॉड, कॅपिटल आर, सात सात सात. या विधीला ट्रिपल सेव्हन म्हणतात. एंटर दाबण्याआधी त्यामागचं अंकशास्त्र समजून घ्यावं; त्याचा शनीशी संबंध नाही. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. सीएचमॉड ही आज्ञा १९७१ च्या पहिल्यावहिल्या युनिक्सपासून आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ते घडवलं तेव्हा फक्त दोनच जाती होत्या, मालक आणि मालक नसलेले. गट मागाहून आला.

फोल्डरच्या बाबतीत या आकड्यांचा अर्थ थोडा वाकडा आहे, आणि नवशिके हमखास अडखळतात ते इथेच. फोल्डर ‘वाचणं’ म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणं. ‘चालवणं’ म्हणजे त्यातून आत जाता येणं. आणि ‘लिहिणं’ म्हणजे आत नव्या वस्तू ठेवणं किंवा असलेल्या काढून टाकणं. म्हणून फाइल स्वतः कितीही कडेकोट असली तरी ती ज्या फोल्डरात आहे तिथे लिहायची आणि शिरायची मुभा असलेला कुणीही ती पुसू शकतो. फाइलची परवानगी त्याला कुणी विचारतही नाही. (‘टेम्प’ फोल्डर सगळ्यांना खुला असूनही तिथे एकाची फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही, कारण त्याच्या १७७७ मधला पुढचा एक. त्याचं नाव स्टिकी बिट. ते नाव ऐकून ठेवावं, मुलाखतीत विचारतात.)

एंटर दाबावा. फोटो चढतो. इथे होणारा संवाद साधारण ठरलेला आहे.

‘चढला बघ फोटो! काय केलंस रे?’

‘परवानगी दिली, काका.’

‘कुणाला?’

‘सगळ्यांना.’

‘सगळ्यांना? मंडळाच्या कपाटाची चावी आम्ही अध्यक्षांनासुद्धा देत नाही.’

काकांना सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही, तरी या अख्ख्या प्रकरणात विचारण्याजोगा प्रश्न त्यांनीच विचारला. एक खुलासा मात्र त्यांना द्यावा. ‘बाकी सगळे’ म्हणजे अख्खं इंटरनेट नव्हे. त्या मशीनवरची बाकी सगळी खाती. सर्व्हर तुमच्या एकट्याचा असेल तर ती थोडीच असतात. पण त्याच सर्व्हरवर मेहुण्याच्या क्लासची जुनी साइट असली आणि तिच्या एखाद्या विसरलेल्या प्लगइनमधून कुणी आत शिरलं, तर श्रींच्या फायलीत काय लिहायचं तेही तोच ठरवणार. काही शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं. तिथे ट्रिपल सेव्हन दिल्यावर फोटो चढणं दूरच, साइटच ५०० क्रमांकाची एरर दाखवून मान टाकते, कारण इतरांना बदलता येईल अशी स्क्रिप्ट चालवायला ती व्यवस्था नकार देते. मदत केंद्रावर फोन केला तर ‘थोड्या वेळाने करून बघा’ असं सांगतात. थोड्या वेळाने करून बघावं. काही होत नाही.

पायरी सहावी. आता एखादं प्लगइन अपडेट करायला घ्यावं. सगळं सगळ्यांना देऊन झालेलं असताना वर्डप्रेस शांतपणे एफटीपीचं नाव आणि पासवर्ड मागतं. नवशिक्याची श्रद्धा डळमळते ती इथे. तो पुन्हा एकदा ट्रिपल सेव्हन देतो, या वेळी जरा जोरात.

घडतं ते असं. वर्डप्रेस आधी एक तात्पुरती फाइल बनवून पाहतं. ती कुणाच्या नावावर तयार झाली आणि त्याच्या स्वतःच्या फायली कुणाच्या नावावर आहेत, हे ते ताडून बघतं. दोन्ही नावं एक निघाली तर काम थेट होतं. नाही निघाली तर ‘मालकाचा पासवर्ड आणा’. परवानगीचे आकडे किती मोठे आहेत, याला तिथे शून्य किंमत. म्हणून आधी सातबारा काढावा. टर्मिनलमध्ये एलएस, स्पेस, मायनस एल एवढं टंकलं की तो निघतो, तोही तलाठ्याच्या कार्यालयात खेटे न घालता. डब्ल्यूपी-कंटेंटच्या ओळीत सुरुवातीला डी, म्हणजे हा फोल्डर. पुढे आर, डब्ल्यू, एक्स हे त्रिकूट तीनदा, म्हणजे आपण मघाशी केलेला पराक्रम. मग एक आकडा. आणि मग दोन शब्द : रूट, रूट. मालक रूट, गट रूट. कसणारा मात्र तिसराच, आणि त्याचं नाव उताऱ्यावर कुठेच नाही.

हा तिसरा म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. उबुंटू आणि डेबियनवर अपाची या खात्याच्या नावाने काम करतो. त्याचा क्रमांक ३३. रेड हॅटच्या घराण्यात याच खात्याचं नाव ‘अपाची’. १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला एरवी विशेष अधिकार लागतात, म्हणून ८० क्रमांकाचं दार रूट उघडतो, आणि आलेल्यागेलेल्याची उस्तवार या गरिबाकडे सोपवतो. त्याला लॉगिन करता येत नाही, त्याचा पासवर्ड नसतो, त्यामुळे असा कुणी आहे हेच नवशिक्याला कित्येक महिने ठाऊक नसतं. रात्रभर ‘परवानगी दे, परवानगी दे’ म्हणत होता तो हाच.

तेव्हा फेरफार नोंदवावा : सीएचओन, कॅपिटल आर, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, आणि पुढे फोल्डरचं नाव. किती जमीन द्यायची यावर जाणकारांत दोन तट आहेत. कडवे म्हणतात, फक्त अपलोड्स द्या. बाकी सगळं तुमच्या खात्याच्या नावावर ठेवा आणि सर्व्हरला नुसतं वाचू द्या, म्हणजे कुणी आत शिरलं तरी त्याला मूळ फायली बदलता येणार नाहीत. तत्त्वतः त्यांचंच खरं. पण मंडळाच्या साइटवर पुढल्या गणपतीपर्यंत कुणी टर्मिनल उघडणार नाही, हे मला दिसतं. तिथे वर्षभर शिळं राहिलेलं प्लगइन जास्त घातक. म्हणून अशा ठिकाणी मी सगळं सर्व्हरच्या नावावर करतो, अपडेट आपोआप होऊ देतो, आणि अपलोड्स फोल्डरात पीएचपी चालणार नाही असा अपाचीला दम देऊन ठेवतो. फोटोंच्या फोल्डरात पीएचपीचं काय काम? डब्ल्यूपी-कॉन्फिगला तेवढं ६४० द्यावं. त्यात डेटाबेसचा पासवर्ड उघड्यावर लिहिलेला असतो.

पायरी सातवी : केलेला पसारा आवरणं. फोल्डरना ७५५ आणि फायलींना ६४४ ही नेहमीची मापं. दोघांना एकाच आज्ञेत उरकू नये. ‘फाइंड’ लावून प्रकार डीचे वेगळे आणि प्रकार एफच्या वेगळ्या काढाव्यात. घाईत सरसकट ६४४ दिलं की फोल्डरांचा ‘चालवण्या’चा एक जातो आणि कुणाला आत शिरता येत नाही. गंमत म्हणजे रूटला येतं. त्यामुळे टर्मिनलमध्ये सगळं आलबेल, आणि साइटवर ‘फॉरबिडन’. तुम्ही दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसता.

साइट आपल्या होम फोल्डरात ठेवणाऱ्यांना हाच ‘फॉरबिडन’ काही न बिघडवताही मिळतो. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरांची परवानगी ७५० केली, म्हणजे परक्याला उंबरठाच ओलांडता येत नाही. आतल्या खोल्या उघड्या ठेवून उपयोग काय? ‘नेमआय मायनस एल’ आणि पुढे पूर्ण पत्ता दिला की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते आणि वाट कुठे अडली ते कळतं. इतकी उपयोगी आज्ञा इतकी अप्रसिद्ध का, हे कोडं आहे.

रेड हॅटवाल्यांनी याउपर एसईलिनक्सची तयारी ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली ते जगाला दिलं. मालक बरोबर, आकडे बरोबर, तरी नकार, कारण फाइलवरचं लेबल चुकलेलं. एलएसला कॅपिटल झेड लावला की लेबल दिसतं. ते सुधारायची रीत आहे. प्रचलित उपाय मात्र एसईलिनक्सच बंद करण्याचा आहे.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. ट्रिपल सेव्हन देताना पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेघेनंतर चुकून एक स्पेस पडू द्यावी. मग एकट्या त्या रेघेचा अर्थ ‘अख्खा सर्व्हर’ असा होतो आणि आज्ञा तो सगळा खुला करत सुटते. त्यानंतर सुडो सांगतं की माझी नियमांची फाइल कुणालाही बदलता येतेय, मी काम करणार नाही. एसएसएच म्हणतं की किल्ल्या फार उघड्या आहेत, मी त्या वापरणार नाही. सगळ्यांना सगळं दिल्यावर तुम्हालाच आत येता येत नाही. या घडीला जी काळी खिडकी उघडी असेल ती कृपया बंद करू नये, आणि पायरी चौथी आठवून बघावी.

सगळं मार्गी लागलं की खजिनदारांचा पुन्हा फोन येईल : फोटो चढत नाही. मालक बघावा, ठीक. आकडे बघावेत, ठीक. मग विचारावं, फोटो कुठला? मघाचा व्हॉट्सअॅपवरून आलेला, आक्रसलेला होता. हा पुतण्याच्या नव्या कॅमेऱ्यातला अस्सल, नऊ एमबीचा. पीएचपी आल्या रूपात एका फायलीला २ एमबीच्या वर घेत नाही. ती मर्यादा पीएचपी-आयएनआय फाइलमध्ये दोन ठिकाणी वाढवावी लागते आणि अपाची पुन्हा चालू करावा लागतो. परवानग्यांशी याचा काडीचा संबंध नाही. तरी त्याआधी एकदा ट्रिपल सेव्हन देऊन पाहिलं जातंच.