नफ्याची जुनी खोड

चेन्नईच्या झोहो कंपनीचा आम्ही जाहीर निषेध करतो. १९९६ साली ती ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली, आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांपुढे हात न पसरता इतकी वर्षे चालली. खर्च भागतो कशावर? तर गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांवर! वाण्याच्या दुकानात शोभणारी ही रीत सॉफ्टवेअरच्या पवित्र धंद्यात शिरावी, याहून अधःपात कोणता? अमेरिकेतल्या मेलचिंप या कंपनीनेही हेच केले. २०२१ मध्ये इंट्यूट या दुसऱ्या कंपनीने ती सुमारे १२ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले, तेव्हा वाटा मागायला बाहेरचा गुंतवणूकदारच नव्हता. केवढा हा एकलकोंडेपणा!

याउलट आमच्या ओळखीचे एक तरुण संस्थापक पाहा. शंभर रुपयांची सेवा ते साठ रुपयांना विकतात, वरचे चाळीस गुंतवणूकदार भरतो, आणि या उपक्रमाला वाढ म्हणतात. आमची नम्र सूचना एवढीच, की मधली सेवा बंद करून गिऱ्हाइकाच्या हातावर थेट चाळीस रुपये ठेवावेत. वाढ दुप्पट होईल, शिवाय सर्व्हरचा खर्च वाचेल. (वाचवणे हा शब्द त्यांना आवडत नाही, क्षमस्व.)

परवा ते भेटले. तोटा फार वाढल्यामुळे वहीत मावेना, म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले म्हणाले.

झोहोचे. दरमहा पैसे वेळेवर भरतात.