लुईच्या चांदीचा नाद कसा लावून घ्यावा

ज्यांना बँकेतली शिल्लक आणि रविवारची झोप यांचा मोह उरलेला नाही, त्यांनी फ्रेंच राजांची चांदीची नाणी जमवावीत. मुख्य माल म्हणजे एकू. तेराव्या लुईने १६४१ मध्ये काढलेलं मोठं नाणं.

नियम पहिला : केस बघावेत. चौदावा लुई १६४३ मध्ये गादीवर आला तेव्हा पुरता पाच वर्षांचाही नव्हता. त्या पोराची बट आखूड की लांब, यावरून त्याच्या एकूचे प्रकार पडतात. यावर वाद घालायला जाणकार लागतो. तो न बोलावता येतो. स्वतःला टक्कल असलेला हा गृहस्थ परक्याच्या बटेवर तासभर बोलतो, दोनदा चहा घेतो आणि "महाग घेतलंत हो" म्हणून उठतो.

नियम दुसरा : नाणं कडेने धरावं. जाणकार मधोमध अंगठा टेकवतो. वयाने मोठे, बोलणार काय!

नियम तिसरा : रेघा दिसताच हळहळू नये. पंधराव्या-सोळाव्या लुईच्या एकूंवर समांतर रेघा दिसतात. चकती वजनाला जास्त भरली की टांकसाळीत छापण्याआधीच ती कानशीने घासत. अशी रेघ छापाखाली दबलेली असते. अक्षर चिरत गेलेली रेघ नंतरची. तिथे खुशाल भाव पाडावा. जाणकार दोन्हींना 'खराब'च म्हणतो.

नियम चौथा : कड फिरवून बघावी. नंतरच्या एकूंवर तिथे लॅटिनमध्ये 'देवा, राजाला सांभाळ' असं असतं. राजाच्या डोक्यावरच्या बाजूला अक्षरं बुजली असतील, तर कुणीतरी कडी डकवून नाणं गळ्यात घातलं असणार. (हे मागणं सोळाव्या लुईच्या एकूंवरही होतं. १७९३ च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला.)

नियम पाचवा : गणपतीआधी घरातली चांदी घासायला निघते. कपाटाला कुलूप.

नियम सहावा : दोनदा छापलेलं नाणं सोडू नये. १६८९ मध्ये युद्धखर्चाने चौदावा लुई इतका टेकीला आला की व्हर्सायचं चांदीचं सामान वितळवायला निघालं. पाठोपाठ लोकांची नाणी परत मागवली. ती न वितळवताच वर नवा छाप मारला, किंमत वाढवली आणि फरक खजिन्यात टाकला. १६९३, १७०१, १७०४, पुन्हा तेच. जुना छाप पुरता मिटत नसे. नव्या अक्षरांमधून जुन्या सालाचे आकडे डोकावतात. नियम गेले खड्ड्यात, मला ही नाणी फार आवडतात. एवढ्या मोठ्या राजाची ओढाताण तळहातावर घेऊन वाचता येते! जाणकार त्यांना 'बिघडलेला माल' म्हणतो. म्हणू दे, भाव खाली राहतो.

नवख्याने मात्र १७२६ नंतरचा एकू घ्यावा. साडेएकोणतीस ग्रॅमच्या आसपास, हाताला भरीव. टांकसाळीचं अक्षर 'एल' असेल तर तो बेयोनचा. स्पेनमार्गे अमेरिकेची चांदी तिथे यायची, म्हणून ही नाणी बऱ्यापैकी मिळतात. घ्या, पण जाणकाराला दाखवू नका.