ज्वारीचा दाणा

निघायच्या आठवडाभर आधी हिने नातवाचा पृथ्वीगोल घेतला आणि फॉलच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूअर्कवर धरलं. दोरा ताणला तसा तो अरबस्तानावरून सरळ जायचा सोडून वर सरकला आणि मॉस्कोजवळून, आइसलँडला शिवून अमेरिकेत उतरला.

"चुकलीस," मी म्हणालो. आमचा सगळा भूगोल भिंतीवरच्या सपाट नकाशावरचा. पण गोलावर हीच वाट जवळची. दोरा भरला वीतभर. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, साधारण 16 तास.

मग चिकलठाणा ते मुंबई. हवेतून 280 किलोमीटर.

"ज्वारीचा दाणा," ही म्हणाली.

"त्याला तासभर पुरे," जावईबापू फोनवर म्हणाले. त्यांचा हिशेब विमानतळ ते विमानतळ. त्यात खारोड्या, कुरडया आणि चटणीचे डबे ताणकाट्याला टांगून दर बॅग 23 किलोत बसवण्याचे तीन दिवस नव्हते.

तिकिटावर छापलं होतं 'आयएक्सयू'. ही आमच्या विमानतळाची खूण. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण या तीन अक्षरांत जुनं नाव नव्हतंच, नवंही नाही. त्यामुळे त्यांच्यावर कुणी मोर्चा काढलेला नाही.

विमान संध्याकाळी साडेसहाचं. सिडकोतल्या आमच्या घरापासून विमानतळ दहा मिनिटांवर. दुपारी दोनला मोबाइल वाजला: तांत्रिक कारणास्तव उड्डाण रद्द. मुंबईहून पुढचं विमान रात्री एकचं, आणि ते काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

तीनला गाडी निघाली. विमानतळाकडे पाठ करून सावंगीला समृद्धीवर चढलो. ताशी 120 ची मुभा, रस्ता पाटासारखा. ड्रायव्हर खुशीत, मीही खुशीत. ही मात्र मांडीवरच्या पिशवीतले दशम्यांचे पुडे मोजत होती. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा संपला तेव्हा मी घड्याळ पाहून म्हणालो, "विमानापेक्षा हेच बरं." असं बोलू नये. आमण्याला समृद्धी संपली आणि पुढच्या चाळीसेक किलोमीटरांनी चार तास घेतले. पुढे ट्रक, मागे ट्रक. शेजारच्या ट्रकमधल्या क्लीनरला हिने दोन दशम्या दिल्या, तो उतरून पाण्याची बाटली देऊन गेला, तरी आम्ही जागचे हललो नव्हतो.

विमानतळावर पोचलो साडेदहाला. दाण्याला साडेसात तास.

विमानात समोरच्या पडद्यावर पिटुकलं विमान हिच्या दोऱ्यासारखंच वर सरकत गेलं. दोन वेळा जेवण, तीन वेळा झोपेचं सोंग. उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेसात, तारीखही तीच. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं.

ही बोटं मोजायला लागली. "रात्री एकला निघालो, सकाळी साडेसातला पोचलो. साडेसहाच तास! दाण्यापेक्षा वीत लवकर झाली की."

मी समजावत बसलो नाही. 16 तास मांडी घालता न आलेल्या माणसात तेवढं त्राण नसतं.

बाहेर जावईबापू ट्रॉली घेऊन उभे. "आता काय, घर जवळच. अर्धा तास."

हिने पर्स उघडली आणि दोरा काढला.