अस्वलाच्या कोलांट्या

"काकू, आमचे चिरंजीव सध्या डोंगर बघत बसतात. ट्रेकला नाही हो, लॅपटॉपवर! 'माउंटन' नावाचा गेम आहे."

"बरं, मग त्यात चढायचं वगैरे असेल."

"कसलं चढायचं! डोंगर आपला गोल फिरतो. ऊन पडतं, बर्फ पडतो, मधूनच वरून काहीबाही येऊन आदळतं आणि तिथेच रुतून बसतं. आपण फक्त बघायचं. २०१४ साली एक डॉलरला विकला पठ्ठ्याने!"

"कोण हा रिकामटेकडा?"

"डेव्हिड ओरायली. आयर्लंडमधल्या किलकेनीचा, १९८५ चा जन्म. रिकामटेकडा कसला, मूळचा ॲनिमेशनवाला. २००९ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याच्या लघुपटाला गोल्डन बेअर मिळालं. 'प्लीज से समथिंग', मांजर आणि उंदराची गोष्ट."

"म्हणजे टॉम अँड जेरीच की!"

"छे हो, यांचा संसार आहे. उंदीर कामात बुडालेला आणि मांजर झुरतेय."

"अगंबाई! यांना दाखवायला हवा."

"दहा मिनिटांचाच आहे. पंचवीस-पंचवीस सेकंदांचे तेवीस तुकडे, एकही सेकंद इकडेतिकडे नाही. आणि चित्रं कशी, तर कोनाकोनांची, ओबडधोबड. काम चालू असताना कॉम्प्युटर कच्चं चित्र दाखवतो ना, तेच त्याने पक्कं म्हणून ठेवलं. गुळगुळीत करण्यात वेळ घालवायचाच नाही. वर त्यावर निबंधही लिहिला! सगळं एकाच नियमाने चाललं की बघणाऱ्याला ते जग खरं वाटतं, म्हणे."

"आळसाला शास्त्राचा आधार!"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण काकू, पंचवीस सेकंदांत पोटात कालवतं हो. गुळगुळीत केसांची कार्टुनं इतकी बघतो, एक तरी लक्षात राहतं का?"

"मग हा गेमात कसा शिरला?"

"स्पाइक जोन्झचा 'हर' आठवतो? त्यात ते शिवराळ पोरगं असतं ना, गेममधलं? तो गेम याने केला, पण फक्त पडद्यापुरता. पुढच्याच वर्षी खराखुरा डोंगर. मग २०१७ मध्ये 'एव्हरीथिंग'. त्यात आपण काहीही व्हायचं, गवत, दगड, आकाशगंगासुद्धा. अस्वल झालात तर ते चालत नाही, डोक्यावरून कोलांट्या खात जातं. पाय ताठच्या ताठ!"

"का गं, बिचारं?"

"हजारो वस्तूंना चालायला कोण शिकवणार? लोक हसले, पण आता ती कोलांटीच त्याची ओळख झालीय. त्या गेमच्या ट्रेलरला व्हिएन्नाच्या लघुपट महोत्सवात बक्षीस मिळालं आणि तो ऑस्करच्या शर्यतीला पात्र ठरला. गेममधून तिथवर जाणारा पहिलाच! नामांकन नाही मिळालं, ते सोडा. मला खटकतं ते वेगळंच. मधूनमधून ॲलन वॉट्स नावाच्या तत्त्वज्ञाची जुनी व्याख्यानं वाजतात. अरे, एवढं दगड होऊ दिलंस, तर गप्प बसू दे की!"

"मला व्याख्यान चालेल हो. कोलांट्या मात्र तूच मार."