साहेब, ऊस मोजलात, माणसं मोजायची राहिली

प्रति,
ऊसपट्ट्यातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांचे साहेब,

करोनाच्या साथीतल्या, २०२० सालच्या मार्च-एप्रिलचा एक हिशेब तुमच्याकडे बाकी आहे. तुमच्या दफ्तरी तो निकाली निघाला असेल, पण बीड-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर तो अजून उघडाच आहे. म्हणून हे पत्र.

२३ मार्चला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि २४ च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागली. त्या वेळी पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, शेवगावकडची ऊसतोडीला गेलेली माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या फडांत होती. काहींच्या कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपलं होतं. ती बोचकी बांधून कोपीतच, म्हणजे तळावरच्या झोपडीतच, अडकली. बाकीच्यांना कोयता खाली ठेवायची मुभाच नव्हती, कारण २७ मार्चला केंद्राने शेतीकामं टाळेबंदीतून वगळली आणि साखर तर जीवनावश्यकच. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला तुमचा नाका उघडा होता. तोच ऊस तोडणारी बाई मीठ-मिरची आणायला गावात निघाली, तर वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. ऊस जीवनावश्यक आणि तो तोडणारी बाई संशयित, हे वर्गीकरण कोणत्या साहेबांच्या डोक्यातून निघालं, तेवढं कळवा.

कारखान्याच्या काट्यावरची पावती तुम्ही पाहिली असेलच. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, गाडी नंबर, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, सगळं तिच्यावर असतं. ऊस कोणत्या फडातून, कधी आणि किती आला, हे हंगाम संपल्यावरही सांगता येतं. तो कोणी तोडला, हे मात्र टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत. तिथेही ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक आकडा, आणि लेकरांचा तर पत्ताच नाही. तुमच्या तालुक्यात सहा महिने राबणाऱ्या माणसांची यादी तुमच्याकडे नव्हती. मग धान्य कोणाला वाटणार होतात? ताप कोणाचा मोजणार होतात? रेशनकार्ड तर बहुतेकांनी गावी म्हाताऱ्या आईबापाजवळ ठेवलेलं.

आणि तुमच्या त्या सूचना! सहा फुटांचं अंतर ठेवा, वारंवार हात धुवा. एकदा कोपीत वाकून शिरून बघायचं होतंत. बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत मधोमध उभं राहिलं तरी डोकं वर टेकतं. चूल, पिठाचा डबा, अंथरूण, तीन लेकरं, सगळं तेवढ्यातच. शेजारची कोपी हाताच्या अंतरावर. पाणी दूरवरून आणलेले दोन हंडे, तेच पिण्याचं आणि तेच भांड्यांचं. हात धुवायला सांगण्याआधी टँकर पाठवणं हे तुमचं काम होतं. मेहेरबानीचा प्रश्नच नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचं पाणी आणि औषधोपचार पुरवण्याचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाला दिले आहेत. त्या कायद्याखाली रस्त्यावर दिसलेल्या माणसावर गुन्हा दाखल करायला तुम्हाला वेळ लागला नाही.

मला सर्वांत जास्त राग आहे तो खाड्याचा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या मजुराने एक दिवस काम चुकवलं की मुकादम पैसे कापतो. म्हणून ताप अंगावर काढायचा, खोकला दाबायचा आणि फडात जायचं. साथीच्या काळात यापेक्षा घातक नियम असू शकतो का? पैसे कापले जाऊ नयेत म्हणून आजार लपवायचा आणि कोप्यांच्या सगळ्या तळावर पसरवायचा. २९ मार्चला केंद्राने टाळेबंदीत मजुरी कापू नका असा आदेश काढला. पण ज्याची मजुरी टनावर ठरते आणि जी आधीच उचल म्हणून खर्चून झालेली असते, त्याला तो आदेश लागू कसा करायचा, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं? साथ असेपर्यंत खाडा कापणाऱ्यावर कारवाई होईल, एवढी एक ओळ तुमच्या सहीने निघाली असती, तर आजारी बाई कोपीत पडून राहू शकली असती.

खाडा काय करतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. २०१९ मध्ये गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बायकांनी सांगितलेल्या कारणांत पाळीच्या दिवसांत पडणारा खाडाही होता. साथ येण्याआधीच हा अहवाल सरकारच्या हातात होता.

१७ एप्रिलला राज्याने परतीचा आदेश काढला. ३८ कारखान्यांच्या तळांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचा आकडा तेव्हा आला. म्हणजे माणसं मोजता येत होती! मग ती हंगाम सुरू होताना, नोव्हेंबरात का मोजली नाहीत? तपासणी आणि प्रवासाची जबाबदारी कारखान्यांवर टाकली गेली आणि माणसं गावी पोचली. तिथे कोणी शाळेत, कोणी शेतात, गावाबाहेरच राहिली. गावाकडचे साहेब म्हणाले ‘तुमच्या हद्दीतून आलेत’, फडाकडचे म्हणाले ‘तुमच्या हद्दीतले आहेत’. १९७९ चा स्थलांतरित मजूर कायदाही मदतीला आला नाही, कारण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा माणूस शिरोळला गेला तर त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरितच नव्हता.

पुढे २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरलं. चांगलं झालं, पण ओळखपत्र मजुराच्या पेटीत पडून राहिलं तर काय उपयोग? त्या यादीची प्रत फडाच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईच्या हातात पाहिजे, लेकरांच्या नावांसह. प्रत्येक तळाला पाण्याचा नळ आणि संडास मिळाल्याशिवाय कारखान्याला गाळपाचा परवाना मिळता कामा नये. आणि आरोग्याची आणीबाणी जाहीर झाली की खाडा बंद, हा आदेश आत्ताच तयार करून ठेवा, फक्त तारीख घालायची राहील असा.

दसरा झाला की टोळ्या निघतील. तुमच्या हद्दीत पहिली कोपी उभी राहील तेव्हा तुमचा माणूस वही घेऊन तिथे हजर पाहिजे. आम्ही बघायला येणार आहोत.

ऊसतोड्यांच्या गावचा एक रहिवासी